पुसलेल्या ओळीची चोरी

१

माझी बायको माणसं जिवंत असतानाच त्यांचे मृत्युलेख लिहिते. ऐकायला अभद्र वाटतं, पण वर्तमानपत्रात हे काम कुणाला तरी करावंच लागतं. मोठं माणूस गेल्याची बातमी येते तेव्हा पान छपाईला सोडायची वेळ झालेली असते आणि त्या घाईत एका आख्ख्या आयुष्याचा विचका होतो. म्हणून ही आधीच त्या माणसाकडे जाते, निवांत बसून ऐकते आणि लेख लिहून ठेवते. संगणकातल्या त्या कप्प्याला आमच्या कचेरीत ‘शीतपेटी’ म्हणतात. त्याचा परवलीचा शब्द फक्त हिला ठाऊक असतो.

मी त्याच कचेरीत मुद्रितशोधक आहे. म्हणजे हिनं लिहायचं आणि मी चुका काढायच्या. घरी नेमकं उलटं चालतं.

लोक हिला काय काय सांगतात. पोटच्या पोरांना सांगितलं नसेल ते सांगतात, आणि अट एकच घालतात, की आम्ही गेल्यावरच छापा. ही ती अट पाळते. मी सख्खा नवरा असूनही तपासायला दिलेल्या प्रतीपलीकडचं एक अक्षर मला कळू देत नाही. यावरून मी अधूनमधून रुसतो, पण त्याचा आजवर काही उपयोग झालेला नाही.

त्या दिवशी कचेरीत पाऊल टाकलं, तर सगळ्यांच्या माना फोनमध्ये. कुणी नमस्कार केला नाही की वर पाहिलं नाही. शेवटी कुणीतरी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक छायाचित्र होतं आणि छायाचित्रात मजकूर:

‘वाजाने या गावाची सकाळ व्हायची. बातम्या वाईट असल्या तरी त्यांच्या तोंडून ऐकताना धीर वाटे. त्यांच्या पश्चात मुलगा, सून, नातू आणि परगावी असलेली मुलगी असा परिवार आहे. घरात या मुलीचं नाव घेतलं जात नसे, तरी तिची त्या रोज वाट पाह’

बस. पुढे काही नाही.

हा मृत्युलेख रेडिओताईंचा होता. आयुष्यभर रोज सकाळी त्यांनी गावाला बातम्या सांगितल्या. आमची पिढी त्यांच्या आवाजावर दात घासत मोठी झाली. आणि रेडिओताई ठणठणीत नसल्या तरी जिवंत होत्या, दोन गल्ल्या पलीकडे आपल्या घरात बसलेल्या होत्या. त्यांना मुलगीही आहे, हे गाव केव्हाच विसरून गेलं होतं.

थोड्या वेळानं त्यांचा मुलगाच कचेरीत आला. आरडाओरडा करील असं वाटलं होतं, पण तो हळू बोलला आणि ते जास्त बोचलं. आईनं हे फक्त एका बाईला सांगितलं होतं, तेही शब्द घेऊन, असं म्हणून त्यानं हिच्याकडे पाहिलं. मुख्य संपादकांना आम्ही साहेब म्हणतो. त्यांनी हिला खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि बाहेर आले ते परवलीचा शब्द घेऊनच. चौकशी होईतो हिनं घरी बसायचं, आणि चौकशीत दोष निघाला तर कायमचं.

मला वाटलं, ही आता काहीतरी बोलेल. मी नव्हेच म्हणेल. तर ही पदर सावरत बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “ती ओळ माझीच आहे. शब्दन्‌शब्द माझा आहे.”

२

घरी आल्यावर मी आधी चिडलो. असा कबुलीजबाब कुणी देतं का, असं विचारलं. ही म्हणाली, की खोटं कशाला बोलू. ती ओळ मी लिहिली होती. सोमवारी सकाळी, कोपऱ्यातल्या यंत्रावर.

पण मी तो लेख तपासला होता. छापील प्रत हातात घेऊन अक्षर न्‌ अक्षर पाहिलं होतं, आणि त्यात मुलगी नव्हती. तसं म्हटल्यावर हिनं मान हलवली.

“नव्हतीच. लिहिली आणि खोडली. ताईंनी परवानगी दिली होती, पण मला वाटलं, हे शीतपेटीतसुद्धा नको. त्या गेल्या की त्या दिवशी लिहीन. तोवर माझ्या डोक्यात राहू दे. खोडली आणि मगच लेख जतन केला.”

दुसऱ्या दिवशी हे कचेरीत सांगितल्यावर प्रकरण सुधारायच्या ऐवजी आणखी बिघडलं. आमचे उपसंपादक आहेत, त्यांना मी मनातल्या मनात शंकासुर म्हणतो. हल्ली ते मनातलं कधीकधी तोंडातही येतं. त्यांनी साहेबांसमोर शीतपेटी उघडली. रेडिओताईंचा लेख नीट होता, आणि त्यात मुलीची ओळ नव्हती. शंकासुरांनी खुर्चीत मागे रेलून हिशेब मांडला. लेखात जी ओळ नाहीच ती लेखातून चोरीला कशी जाईल? कप्पा फोडला म्हणावं तर कप्प्यात ती नव्हती. प्रत पळवली म्हणावं तर प्रतीत नव्हती. ती होती एकाच माणसाच्या डोक्यात. मग बाहेर आली ती त्याच माणसाकडून.

तर्क बिनतोड होता, हीच तर पंचाईत. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. वाईट बातमी देण्याआधी ते नेहमी चष्मा पुसतात.

मी त्यांच्याकडे दोन दिवस मागितले. ते त्यांनी दिले, त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे. मग बाहेर येऊन मी एका बाईला फोन लावला. आमच्या कचेरीत सगळं लेखन ‘लेखनिक’ नावाच्या प्रोग्रामवर चालतं. तो फुकट मिळतो. जगभरातली चार-पाच माणसं आपापली नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता तो सांभाळतात. त्यांच्यातल्या एक बाई आमच्याच गावात राहतात. यंत्रांची नाडी बघतात म्हणून आम्ही त्यांना वैद्यबाई म्हणतो. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. लेखात नसलेली ओळ बाहेर आली असं मी म्हणताच त्यांनी मला मधेच थांबवलं.

“त्या यंत्राला कुणाला हात लावू देऊ नका,” त्या म्हणाल्या. “मी निघालेच.”

३

वैद्यबाई सर्दीनं बेजार होत्या. आल्या त्या शिंकतच. चपला दाराशी काढल्या, खुर्चीवर मांडी घातली, चहा मागितला आणि तो येईपर्यंत नुसत्या छायाचित्राकडे बघत बसल्या. मग मला विचारलं, की तुम्ही चुका काढता ना, यात तुम्हाला काय खुपतं?

मला पहिल्यापासून एकच गोष्ट खुपत होती. मजकूर ‘वाजाने’पासून सुरू होतो. तो ‘आवाजाने’ असला पाहिजे, पण शब्दाचं डोकं उडालेलं. शेवटी ‘वाट पाह’, तिथे शेपूट उडालेली. ज्याला चुगली करायची आहे तो वाक्य तरी पुरं उचलील. अर्ध्या शब्दापासून अर्ध्या शब्दापर्यंत कोण चोरतं?

“वा,” बाई म्हणाल्या आणि शिंकल्या. त्यांनी आणखी काही सांगितलं नाही.

मग एकेकाला बोलावलं. मला जवळ बसू दिलं, तोंड न उघडण्याच्या अटीवर. शंकासुर आधी आले. शीतपेटी बंद करावी, ही पद्धत जुनाट आहे, असा अर्ज त्यांनी साहेबांना पूर्वीच दिला होता. हिच्या जागेवर त्यांचा डोळा होता आणि त्यांनी ते नाकारलंही नाही. हा माणूस कसाही असो, खोटं बोलत नाही. छायाचित्र त्यांना मेहुणीकडून आलं. मेहुणीला कुणाकडून आलं, तर एका रोपवाटिकेवाल्याकडून. ते कोपऱ्यातल्या यंत्रावर कधी बसले नव्हते, त्यांचं यंत्र साहेबांच्या दारासमोर आहे.

नंतर आभाळराव आले. हे हवामानाचं सदर लिहितात. वेधशाळेकडून आलेला अंदाज चार ओळींत सोपा करून सांगतात. ती टिपणी रोज दुपारी शाळांना, होडीवाल्यांना, रोपवाटिकांना थेट फोनवर जाते. ताडमाड उंच, बोलायला मऊ. पण गेला महिनाभर ते हिच्याशी बोलत नव्हते. माझ्यावर काय लिहून ठेवलंय ते सांगा, असं त्यांनी हिला विचारलं होतं आणि हिनं हसून नाही म्हटलं होतं. वैद्यबाईंनी त्यांना विचारलं, की कोपऱ्यातल्या यंत्रावर तुम्ही बसता का. आभाळराव चटकन नाही म्हणाले. तिथे हिच्याशिवाय कुणी बसायचं नाही असा साहेबांचा हुकूमच होता.

शेवटी वैद्यबाई आमच्या घरी आल्या, हिच्याशी बोलायला. ही स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसली होती. सोमवारी सकाळी काय काय केलं ते बाईंनी तिला बारीकसारीक विचारलं. लेख बंद केला का? केला. लेखनिकही बंद केला? नाही, तो कधीच बंद करत नाही. यंत्र जुनं आहे, लेखनिक उघडायला फार वेळ घेतो, म्हणून ‘बंद करू नये’ अशी साहेबांच्या हातची चिठ्ठीच तिथे चिकटवलेली आहे. बरं, यंत्रापाशी आणखी काही वावगं? ही म्हणाली, वावगं काही नाही, फक्त रोज सकाळी खुर्ची खाली करून घ्यावी लागते. कोण वर करून ठेवतं कोण जाणे, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत.

वैद्यबाईंनी हातातला कप खाली ठेवला. “रोज सकाळी?” त्यांनी विचारलं, आणि आमच्या कचेरीत सगळ्यांत उंच कोण ते त्यांनी न विचारताच माझ्या ध्यानात आलं.

४

आभाळराव लगेच रडकुंडीला आले. होय, मी रोज तिथे बसतो. साहेब जेवायला गेले की बसतो. कारण कोपऱ्यात खिडकी आहे. वेधशाळा काहीही म्हणो, आभाळ एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझ्या हातून हवामान उतरत नाही. हे सांगितलं तर लोक हसतील म्हणून सांगितलं नाही.

कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना चोर सापडला होता. शंकासुर उठून उभे राहिले. ओळ लिहिली गेली त्या यंत्रावर, हा माणूस बसतो त्याच यंत्रावर, हिच्यावर याचा राग, आणि वर खोटं बोलला. साहेबांनी चष्मा काढला. मला, खरं सांगायचं तर, आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

“यांनी काही चोरलेलं नाही,” वैद्यबाई म्हणाल्या. “पण बाहेर नेलं ते यांनीच. यांनाच त्याचा पत्ता नाही.”

त्यांनी आभाळरावांची सोमवारची टिपणी मागवली. चार ओळी होत्या, दुपारनंतर वारा वाढेल वगैरे. त्या चार ओळी त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून घेतल्या. मग हिला बोलावून विचारलं, की रेडिओताईंचा लेख कुठून सुरू होतो. हिनं पहिल्या अक्षरापासून दाखवलं. बाईंनी लेखाची पट्टी खाली आणि हवामानाची पट्टी वर, अशी अक्षराला अक्षर लावून टेबलावर मांडली. आम्ही सगळे वाकलो. हवामानाचं शेवटचं अक्षर ‘आवाजाने’मधल्या ‘आ’वर येऊन संपलं. त्याच्या पुढचं अक्षर होतं ‘वा’. छायाचित्र तिथूनच सुरू होत होतं.

बाईंनी नाक पुसलं आणि सांगायला सुरुवात केली.

“तुम्ही लिहायला लागलात की लेखनिक तुमच्या मजकुराला यंत्राच्या स्मरणात एक खोली देतो. लेख वाढला, खोली पुरेनाशी झाली, की सगळा मजकूर मोठ्या खोलीत हलवतो. पण लहान खोलीतली जुनी प्रत झाडून काढत नाही. नुसतं म्हणतो, ही खोली रिकामी. यांनी ‘वाट पाह’पर्यंत लिहिलं आणि खोली भरली, म्हणून तिथे शेपूट तुटली. पुढचं मोठ्या खोलीत लिहिलं गेलं, ओळ खोडली तीही तिथेच. लहान खोलीत ती तशीच पडून होती. दुपारी हे आले. यांच्या चार ओळींना लेखनिकानं तीच लहान खोली दिली. जुन्या मजकुराचा सुरुवातीचा भाग यांच्या हवामानाखाली झाकला गेला, नंतरचा तसाच राहिला. आणि जतन करताना लेखनिकानं पाहुण्याबरोबर आख्खी खोली पाठवून दिली.”

साहेबांनी विचारलं, मग आम्हाला पडद्यावर ते कधी दिसलं कसं नाही? बाई म्हणाल्या, लेखनिकला आपला मजकूर कुठे संपतो ते माहीत असतं, तो तेवढाच दाखवतो. तुमच्या वाचकांतल्या बहुतेकांचे फोनही तेवढंच दाखवतात. एखाद्याचा फोन जुना असेल तर तो मिळेल ते सगळं दाखवतो. रोपवाटिकेवाल्याला फोन लावा.

लावला. तो भला माणूस म्हणाला, की हो, तुमच्या हवामानाखालीच आलं होतं ते. पडदा लहान, वरचं हवामान सरकून गेलं आणि खालचं तेवढं छायाचित्रात आलं. रेडिओताई गेल्या असं वाटून त्यानं हळहळत चौघांना पाठवलं होतं.

शंकासुरांना अजून पटेना. तेव्हा वैद्यबाईंनी त्यांनाच यंत्रापुढे बसवलं आणि मनात येईल ते लांबलचक लिहा म्हणाल्या. त्यांनी पानभर काहीतरी बडवलं, त्यातली शेवटची एक ओळ खोडली आणि ते पान बंद केलं. मग आभाळरावांनी नव्या पानावर आजचं हवामान लिहिलं, जतन केलं. बाईंनी ते आपल्या दुसऱ्या एका प्रोग्रामात उघडलं. वर हवामान होतं. खाली अर्ध्या शब्दापासून शंकासुरांचा मजकूर सुरू झाला आणि तळाशी त्यांची खोडलेली ओळही आली: ‘बाईंवर मी उगाच संशय घेतला असेल तर माझ्यासारखा मूर्ख’.

शंकासुरांचा चेहरा लाल झाला. हिनं ते वाचलं आणि दुसरीकडे बघितलं, त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. मी मात्र पुन्हा एकदा वाचलं.

तेवढ्यात आभाळरावांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, “पण मी तर वर्षभर इथे बसून लिहितोय. मग बाकीच्या टिपण्यांखाली काय गेलं असेल?”

५

बाईंनी जुन्या टिपण्या उघडून पाहिल्या, तर त्यांच्याखालीही बरंच काही गेलं होतं. सगळ्यांत नाही, पण ज्या दिवशी हिनं सकाळी लेख लिहिला त्या दिवसाच्या टिपणीला कुणाच्या ना कुणाच्या आयुष्याची शेपूट लटकत होती. एका कुस्तीगिराची, एका सुईणबाईंची. आणि गेल्या महिन्यातल्या एका टिपणीखाली, ‘तुरळक सरी पडतील’ याच्या खाली, आमच्या साहेबांची.

साहेबांनी स्वतःच्या मृत्युलेखाचा तो शेवटचा तुकडा वाचला. त्यात लिहिलं होतं, की रागावले तरी त्यांनी कधी कुणाचं वाईट केलं नाही, आणि स्वतःची चूक कळली की ते माणसाच्या टेबलापाशी जाऊन तसं सांगत. वाचून झाल्यावर ते उठले. हिच्या टेबलापाशी गेले, आणि माझं चुकलं म्हणाले. जरा थांबून हळूच विचारलं, की सुरुवातीला काय लिहिलंय? ही म्हणाली, ते नंतर.

आता काय करायचं ते वैद्यबाईंनी सांगितलं. लेखनिकमध्ये ‘जलद जतन’ म्हणून सोय आहे. आख्खी खोली उचलून ठेवायचा उद्योग तीच करते, तेव्हा ती बंद करा. साध्या जतनात लिहिलं तेवढंच जातं. एकाचं काम झालं की लेखनिक पुरता बंद करा, म्हणजे सगळ्या खोल्या यंत्राकडे परत जातात आणि यंत्र त्या पुसून मगच दुसऱ्याला देतं. साहेबांनी आपली चिठ्ठी आपल्याच हातानं फाडली. बाहेर गेलेल्या टिपण्या लोकांकडून पुसून घ्यायच्या. आणि खरा इलाज लेखनिकच्या आतच करायचा, खोली सोडताना ती झाडायची. तो आमची मंडळी करतील, आठवड्याभरात सगळ्यांना मिळेल.

“चूक आमची आहे,” त्या हिला म्हणाल्या. “झाडायला हवं होतं, आमच्याकडून राहिलं. मी माफी मागते.”

हिनं त्यांना आलं घातलेला चहा दिला. सर्दीला बरा, म्हणाली.

साहेबांच्या आतला बातमीदार एव्हाना जागा झाला होता. उद्याच पहिल्या पानावर घेऊ, हिचं नाव धुवून निघेल, रेडिओताईंच्या मुलालाही कळेल. मीही मान डोलावली. तेव्हा वैद्यबाईंनी हात जोडले. लेखनिक फक्त तुमच्याकडे नाही, म्हणाल्या, दवाखान्यांत आहे, वकिलांकडे आहे. इलाज हातात पडण्याआधी ही बातमी छापलीत, तर वाईट डोक्याच्या लोकांना नेमकी कुठली खिडकी उघडी आहे ते कळेल. आठवडाभर थांबा. कुणाला, अगदी कुणालाही, कारण सांगू नका.

म्हणजे आठवडाभर गावाच्या लेखी चोर हीच. भाजी आणायला गेली तरी लोक बाजूला बघणार. आणि रेडिओताई तेवढे दिवस काढतील की नाही, याचीही खात्री नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, की हे काही मला मान्य नाही, माणसाला इज्जत असते की नाही.

ही म्हणाली, “अहो, दवाखान्यात कुणीतरी कुणाला काहीतरी विश्वासानं सांगितलंच असेल ना? मग थांबू या.”

मी फोन उचलला. मग आम्ही सगळे फोनला बसलो. शाळांना, होडीवाल्यांना, रोपवाटिकांना एकेक करून सांगितलं, की टिपणीत आमची चूक झाली आहे, सगळ्या जुन्या टिपण्या पुसून टाका. कारण विचारलं तर नंतर सांगू. लोकांनी पुसल्या. होडीवाल्यांचा म्होरक्या तर म्हणाला, तुम्ही रोज आम्हाला वादळातून घरी आणता, तुम्ही पुसा म्हटलं तर पुसलं, कारण कशाला हवं. आभाळरावांनी फोन ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. शंकासुरांनी सगळ्यांत जास्त फोन केले.

संध्याकाळी निघताना ही म्हणाली, “मला रेडिओताईंकडे जायचंय.”

मी विचारलं, काय सांगणार? कारण तर सांगता येत नाही.

“माफी मागायला कारण कशाला लागतं?”

६

दार मुलानं उघडलं. आम्हाला बघून त्याचा चेहरा दगड झाला, पण आतून आवाज आला, तोच, बातम्यांतला, थोडा पातळ झालेला. “येऊ दे रे त्यांना.”

रेडिओताई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. ही समोरच्या स्टुलावर बसली आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाली, “ताई, तुमची गोष्ट माझ्याकडून बाहेर गेली. कशी गेली ते आज सांगता येत नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण माझ्यावर विश्वास टाकला होतात, तेव्हा माफी मीच मागायची.”

ताईंनी बोट ओठांवर ठेवून स्वयंपाकघराकडे खूण केली. मला वाटलं, त्या बोलू नका म्हणताहेत. पण त्या ऐका म्हणत होत्या. आत कुणीतरी भांडी घासत होतं, आणि ती जरा आपटूनच ठेवत होतं.

“काल आली,” ताई म्हणाल्या. “कुणीतरी पाठवलेलं तिच्या फोनवर गेलं. वाट पाह, एवढंच वाचलं आणि पहिल्या गाडीनं निघाली. मी मेल्यावर वाचलं असतं तर तेराव्याला आली असती.” त्या थांबल्या, दम घेतला. “बोलत नाही अजून माझ्याशी. भावाशीही नाही. रागावलीय, आणि तिचं बरोबर आहे. पण भांडी आपटतेय. कालपासून मी ऐकतेय. इतकी वर्षं मी बोलले आणि लोकांनी ऐकलं. आता मी ऐकते.”

दारात उभ्या असलेल्या मुलानं मान फिरवली. ही रडत होती. मीही काही फार कोरडा नव्हतो.

मग ताईंनी हिचा हात धरला. “तुमची चूक असेल नसेल, मला माहीत नाही. तुम्ही सांगितलं नाही म्हणता, तर नसेलच सांगितलं. माझं एक काम करा. तिचं तिथे लिहिलंत ते अपुरं आहे. ती का गेली ते नाही त्यात. ते मी कुणालाच सांगितलं नाही आजवर. मुलालाही नाही. लिहून घ्याल?”

ज्या बाईंना दिलेला शब्द हिच्या हातून मोडला होता, त्या दुसरं गुपित हिच्याच हातात देत होत्या. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “लिहून नाही घेणार ताई. ऐकते. लक्षात ठेवते.”

ताईंनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बातम्या संपवताना म्हणायच्या तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “तुम्ही दोघं जरा बाहेर बसा.”

दार लागलं. आम्ही दोघं पुरुष स्वयंपाकघरात जाऊन अवघडून बसलो. ताईंच्या मुलीनं आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पण थोड्या वेळानं दोन कप चहा पुढे ठेवला. एक माझ्यापुढे, आणि जरा थांबून, एक तिच्या भावापुढे. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

आठवड्यानं लेखनिकचा इलाज सगळीकडे पोचला, मग आम्ही बातमी छापली आणि हिचं नाव धुवून निघालं. गावानं भरभरून माफी मागितली. लोक पुन्हा हिला बोलावू लागले, आधीपेक्षा जास्त. वैद्यबाईंनी आभार म्हणून काहीही घेतलं नाही, सर्दी बरी झाली एवढं मात्र कळवलं. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. पण मला सगळ्यांत जास्त आठवतं ते बंद दार, आणि त्याच्यामागून येणारा, काय बोलतोय ते कळू नये इतका हळू, ताईंचा आवाज. आत काय बोलणं झालं ते हिनं मला अजून सांगितलेलं नाही. मी रुसलेलोही नाही.